‘लव्हलेस’नंतर काय ऐकाल?

माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’ (१९९१) ऐकून झाला, स्लोडाइव्हचा ‘सुवलाकी’ (१९९३) जवळपास पाठ झाला, राइडचा ‘नोव्हेअर’ही (१९९०) झाला. आता पुढे काय म्हणून शोधायला जावं तर प्रत्येक यादी पुन्हा याच तिघांपाशी आणून सोडते. फार तर मागोमाग लश, पेल सेंट्स, चॅप्टरहाउस ही नावं येतात. सगळा मामला तीन-चार वर्षांतला, आणि बहुतेक इंग्लंडमधला. त्यामुळे बऱ्याच जणांची समजूत होते की शूगेझ (गिटारच्या गोंगाटात गाण्याचा आवाज बुडवणारं हे संगीत) केव्हाच संपलं आणि आता चालू आहे ती त्याची नक्कल. ही समजूत घेऊन नवे बँड ऐकायला बसलात तर नक्कलच ऐकू येईल, कारण तुम्ही दुसरा ‘लव्हलेस’ शोधत असाल. तो मिळत नसतो. खुद्द माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या केव्हिन शील्ड्सला त्याच्यानंतरचा अल्बम काढायला २०१३ साल उजाडलं.

गेल्या पंधरा वर्षांतलं माझ्या मते सगळ्यात ताजं शूगेझ जुन्या बँडच्या सरळ वारसदारांकडून आलेलं नाही. ते हार्डकोअर पंक सोडून आलेल्यांनी केलंय, ब्लॅक मेटलवाल्यांनी केलंय, कंट्री संगीत ऐकत वाढलेल्यांनी केलंय, आणि खोलीत एकट्याने लॅपटॉपसमोर बसलेल्या पोरांनी केलंय. म्हणून ते शोधायची रीतही थोडी वेगळी ठेवावी लागते.

सुरुवातीला एवढंच करा: जुन्या अल्बममधलं आपल्याला नेमकं काय भावलं ते स्वतःला विचारा. ‘लव्हलेस’मध्ये सूर एका जागी ठरत नाही. शील्ड्स गिटारचा ट्रेमोलो आर्म हातात धरूनच तारा छेडतो, त्यामुळे प्रत्येक स्वर किंचित वर-खाली सरकत राहतो आणि ऐकणाऱ्याला गरगरल्यासारखं होतं. स्लोडाइव्हमध्ये ही गरगर नाही. तिथे रीव्हर्ब आणि डिलेने ताणलेली मोकळी जागा आहे, मंद लय आहे, उदासी आहे. राइडकडे दणकट ड्रम्स आहेत आणि गोंगाटाच्या आत लपलेलं साधं, गुणगुणण्याजोगं पॉप गाणं. तीन वेगळ्या गोष्टी आहेत या. ज्याला पहिली हवी त्याच्या हातात तिसरीचा नवा बँड दिला तर तो म्हणणार, हे काही ते नव्हे. नव्या बँडबद्दलच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं.

भावगीतांवर वाढलेल्या कानाला इथे आणखी एक अडचण येते. शब्दच कळत नाहीत. आपल्याला सवय असते ती शब्द स्पष्ट, पुढे, आणि वाद्यं त्यांच्या मागे अदबीने उभी असण्याची. इथे गाणाऱ्याचा आवाज मुद्दाम गिटारच्या पातळीला आणून ठेवलेला असतो, कधी तिच्याही खाली. विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांना हे कमी खटकतं, कारण बंदिशीचे शब्द अर्धेमुर्धे कळले तरी त्यांचं ऐकणं अडत नाही. याचा एक फायदा पुढे होणार आहे: कोरियन, जपानी, पोर्तुगीज, स्पॅनिश, कुठल्याही भाषेतलं शूगेझ ऐकताना तुमचं फारसं काही हुकत नाही. इंग्रजीतलंही कुठे कळत होतं?

जुन्या मंडळींच्या पुनरागमनाचे अल्बम हा पूल म्हणून ठीक आहे, तिथे फार रेंगाळू नका. स्लोडाइव्हचा बँडच्याच नावाचा २०१७चा अल्बम आणि २०२३चा ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ हे दोन्ही खरोखर चांगले आहेत; दुसऱ्याने तर ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत जागा मिळवली, जी त्यांना नव्वदच्या दशकात कधी मिळाली नव्हती. तेव्हा त्यांच्याच कंपनीने त्यांना ‘पिग्मेलियन’ या अल्बमनंतर लगेच घरी पाठवलं होतं. बॉस्टनच्या ड्रॉप नाइन्टीन्सने तीस वर्षांच्या खंडानंतर ‘हार्ड लाइट’ (२०२३) काढला, तोही ऐका. मग पुढे निघा.

पुढचा मुक्काम फिलाडेल्फिया, आणि इथे मात्र निवांत थांबा. अमेरिकेतल्या या शहरात आणि त्याच्या आसपासच्या पेनसिल्व्हेनियात दहा-बारा वर्षांत जे घडलं ते समजलं की नव्या शूगेझचा अर्धा नकाशा हाती येतो. ‘नथिंग’ हा बँड हार्डकोअर पंकमधून आला. त्यांचा पहिला अल्बम ‘गिल्टी ऑफ एव्हरीथिंग’ (२०१४) निघाला रिलॅप्स या मेटलसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडून. गिटारचा थर जुन्या इंग्लिश बँडपेक्षा कितीतरी जड, ड्रम्स छातीवर येणारे, आणि त्यावर अगदी हलका, जवळजवळ कुजबुजणारा आवाज. जड आणि हलक्याचा हा जोड पुढे डझनावारी बँडनी उचलला. ‘नथिंग’चा माझा आवडता अल्बम मात्र २०२०चा ‘द ग्रेट डिस्मल’. त्यात मेरी लॅटिमोरची हार्पही ऐकू येते. तो ध्वनिमुद्रित केला विल यिपने. हे नाव टिपून ठेवा, कारण टायटल फाइटचा ‘हायपरव्ह्यू’ (२०१५) त्याच्याच हातचा. टायटल फाइट हा पंक बँड. ‘हायपरव्ह्यू’ आला तेव्हा त्यांचे कित्येक चाहते बुचकळ्यात पडले होते. आज तरुण शूगेझ बँडना विचारलं तर याच अल्बमचं नाव घेणारे पुष्कळ निघतील.

याच शहरातली पुढची पिढी आणखी विक्षिप्त आहे. ब्ल्यू स्माइली या अल्पायुषी बँडने जेमतेम दोन-दोन मिनिटांची, मध्येच तुटल्यासारखी संपणारी गाणी केली. तोवर शूगेझ म्हणजे गाणं सहा मिनिटं चाललंच पाहिजे अशी समजूत होती. त्यांच्यानंतर आला ‘दे आर गटिंग अ बॉडी ऑफ वॉटर’. नाव लांबलचक आहे, पण विसरू नका. ‘लकी स्टाइल्स’मध्ये (२०२२) गिटारच्या भिंतीशेजारी ड्रम-अँड-बेसचे तुकडे आणि जुन्या व्हिडिओ गेममधले वाटावेत असे आवाज येतात. प्रत्यक्ष कार्यक्रमात हे लोक प्रेक्षकांकडे पाठ करून, एकमेकांकडे तोंड करून गोलात उभे राहून वाजवतात. २०२५चा ‘लॉटो’ त्या मानाने सरळ आणि खरखरीत आहे, नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. बँडचा म्होरक्या डग डल्गेरियन ‘जुलियाज वॉर’ नावाची छोटी कंपनीही चालवतो. पिट्सबर्गच्या फीबल लिटल हॉर्सचा पहिला अल्बम तिच्यामार्फतच बाहेर आला. त्यांचा ‘गर्ल विथ फिश’ (२०२३) ज्यांना गोंगाट चालतो पण गंमतही हवी असते अशांसाठी.

राइडच्या वळणाचं काही हवं असेल तर न्यूयॉर्कच्या हॉटलाइन टीएनटीचा ‘कार्टव्हील’ (२०२३) घ्या. डीआयआयव्हीचा ‘डिसीव्हर’ (२०१९) मात्र घाईत ऐकू नका. आधीच्या अल्बमांमधली झुळझुळीत गिटार इथे जड आणि मळकट झालीय. व्यसनातून बाहेर पडतानाची थकावट त्यात आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलचा ‘वेन्सडे’ शूगेझमध्ये मोजायचा की नाही यावर वाद घालणारे घालोत. ‘रॅट सॉ गॉड’मध्ये (२०२३) पेडल स्टील हे अस्सल कंट्री वाद्य गिटारच्या कल्लोळात सोडलेलं आहे, आणि इथे चक्क शब्द कळतात: पेट्रोलपंप, हायस्कूल, गावातल्या भानगडी. मला विचाराल तर या दशकातल्या अमेरिकन अल्बमांमधला हा पहिल्या पाचांत.

मेटलची वाट ज्यांना भीतिदायक वाटते त्यांनी फ्रान्सच्या आल्सेस्टपासून सुरुवात करावी. ‘नेज’ या टोपणनावाने वावरणारा त्यांचा कर्ता ब्लॅक मेटलमधून आला. २००७चा ‘सुव्हनीर दॅन ओत्र माँद’ करताना आपण शूगेझ ऐकलेलंच नव्हतं, असं तो सांगतो. त्याच ठिकाणी तो स्वतंत्र वाटेने पोचला. पुढे ‘शेल्टर’वर (२०१४) स्लोडाइव्हचा नील हॉलस्टेड येऊन एक गाणं गाऊन गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या डेफहेवनचा ‘सनबेदर’ (२०१३) अधिक कठीण आहे: गिटार उजळ, सुरेल, आणि वर सतत किंचाळणारा गळा. पहिल्या दहा मिनिटांत बंद करावासा वाटेल. त्या किंचाळीला शब्द न समजता आणखी एक वाद्य समजून पाहा. तरीही नाहीच जमलं तर त्यांचाच ‘इन्फिनिट ग्रॅनाइट’ (२०२१) आहे, जवळजवळ पूर्ण गायलेला. सोपा, पण माझ्या लेखी कमी थरारक.

या सगळ्यावर २०२३ च्या सुमारास टिकटॉकची लाट आली. सॅन फ्रान्सिस्कोची विस्प ही मुलगी इंटरनेटवर सापडलेल्या तयार वाद्यसंगीतावर गायली, ‘युअर फेस’ हे गाणं अफाट पसरलं आणि इंटरस्कोपसारख्या बड्या कंपनीने तिला करारबद्ध केलं. आपल्याकडे जून २०२० पासून टिकटॉकवर बंदी असल्यामुळे ही लाट भारतीय श्रोत्यांपर्यंत रील्समधून, उशिरा आणि तुकड्या-तुकड्यांत आली. फार काही बिघडलं नाही. पंधरा सेकंदांत ऐकायचं हे संगीतच नव्हे. पण त्या गर्दीतून लॉस एंजलिसच्या ‘जूली’चा ‘माय अँटी-एअरक्राफ्ट फ्रेंड’ (२०२४) आणि जेन रिमूव्हरचा ‘सेन्सस डेझिग्नेटेड’ (२०२३) जरूर वेचून घ्या.

आता पूर्वेकडे. जपानमध्ये शूगेझ कधी मेलंच नाही, आणि तिथे त्याचं रूपही निराळं आहे. गाणाऱ्याचा आवाज तितका बुडवत नाहीत, चाल ठळक ठेवतात, आणि गिटार एकदम फुटते तेव्हा त्या चालीला धक्का न लावता फुटते. सुपरकारचा ‘थ्री आउट चेंज’ (१९९८) हा तिथला पाया समजा. त्यानंतर थेट किनोको तेइकोकुच्या ‘युरेका’वर (२०१३) या. चिआकी सातोचा आवाज शांत, कोरडा, जवळजवळ निर्विकार. आणि पाठीमागे गिटार हळूहळू तापत जाते. तोक्यो शूगेझरचा ‘क्रिस्टलाइझ’ (२०११) जुन्या व्याख्येच्या जवळचा. ‘फॉर ट्रेसी हाइड’ २०२३ मध्ये थांबला, पण त्यांचा ‘इथर्निटी’ (२०२१) ज्यांना गोडवा हवा त्यांना दिवसभर पुरेल.

आणि सोल. फेब्रुवारी २०२१ मध्ये पारान्नूल या नावाने एका अनामिक विद्यार्थ्याने ‘टु सी द नेक्स्ट पार्ट ऑफ द ड्रीम’ हा अल्बम बँडकॅम्प या संकेतस्थळावर टाकला. नाव नाही, चेहरा नाही, जाहिरात नाही. सगळं खोलीत, एकट्याने, आणि यातली गिटार बव्हंशी खरी नाहीच; ती संगणकातल्या आभासी वाद्यांची आहे. शूगेझ म्हणजे महागड्या गिटारी आणि पायाशी मांडलेल्या पेडलांची रांग, असं मानणाऱ्यांसाठी ही जवळजवळ चपराक होती. ध्वनी चिरका आहे, ड्रम्स फाटतात, आवाज दूरवरून येतो; आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, वाया गेलेल्या तरुणपणाबद्दलची त्याची कळकळ कोरियनचा एक शब्द न कळता पोचते. त्याच वर्षी त्याने सोलच्याच एशियन ग्लो आणि ब्राझीलच्या ‘सोन्युस तोमाँ काँता’बरोबर ‘डाउनफॉल ऑफ द निऑन यूथ’ हा संयुक्त अल्बम केला. नंतरचा ‘आफ्टर द मॅजिक’ (२०२३) अधिक प्रशस्त आणि उजेडाचा आहे. बहुतेकांना तोच जास्त आवडेल. मी पहिल्याच्या बाजूचा आहे.

बाकीचा नकाशा भराभर सांगतो. आयर्लंडमधल्या डंडॉकचा ‘जस्ट मस्टर्ड’: ‘हार्ट अंडर’मध्ये (२०२२) गिटार कुठेही गिटारसारखी वाजत नाही, यंत्र घासल्यासारखी वाजते. हल शहरातला ‘बेडरूम’ (नावातले स्वर गाळून लिहितात), त्यांचा त्याच नावाचा २०२०चा अल्बम. लंडनचा व्हाइटलँड्स, कृष्णवर्णीय गायकाच्या नेतृत्वाखालचा, या बहुतांशी गोऱ्यांच्या संगीतात वेगळा उठून दिसणारा. ब्राझीलमधल्या कुरितिबाचा ‘तेराप्लाना’, मेक्सिकोतल्या तिहुआनाचा ‘मिंट फील्ड’. आणि आपल्या देशात, इंफाळचा ‘लो! पेनिन्सुला’. मुंबई-पुण्याच्या मंचांवर मणिपूरचे बँड क्वचितच दिसतात, म्हणून हे नाव मुद्दाम शोधावं लागतं.

एवढ्या नावांची यादी वर्षभरात शिळी होईल. म्हणून स्वतः शोधायचं कसं तेही पाहू. सगळ्यात उपयोगी पडते ती श्रेयनामावली. आवडलेल्या अल्बमचं मिश्रण कुणी केलं, मास्टरिंग कुणी केलं हे बघा आणि त्या माणसाची इतर कामं ऐका. विल यिपचं उदाहरण वर आलंच. राइडच्या मार्क गार्डनरचा ऑक्सफर्डमध्ये स्टुडिओ आहे आणि तो अनेक तरुण बँडचं काम करतो. स्लोडाइव्हचा ड्रमर सायमन स्कॉट मास्टरिंग करतो. जुन्या मंडळींचा नव्यांशी असा थेट धागा इथे सापडतो.

दुसरी वाट छोट्या कंपन्यांची. लंडनच्या सॉनिक कथीड्रलची सुरुवात २००४ मध्ये शूगेझप्रेमींच्या क्लबरात्रींतून झाली. ‘बेडरूम’चा पहिला अल्बम आणि व्हाइटलँड्स दोन्ही तिच्याकडचेच. अशा कंपनीचं पान बँडकॅम्पवर उघडून वरून खाली ऐकत गेलात तर तीन-चार नव्या ओळखी सहज होतात. बँडकॅम्पवर आणखी एक सोय आहे जी फार कमी लोक वापरतात: प्रत्येक अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं असतात. त्यातल्या एखाद्यावर टिचकी मारली की त्याचा अख्खा संग्रह दिसतो. तुमच्याशी जुळणाऱ्या आवडीचा एक अनोळखी माणूस दहा याद्यांच्या बरोबरीचा असतो. बरेच अल्बम तिथे ‘वाटेल ती किंमत द्या’ तत्त्वावर असतात. दोनशे रुपये दिलेत तरी एवढ्या छोट्या बँडला ते लागतात.

स्पॉटिफाय किंवा यूट्यूबकडून काम करून घ्यायचं असेल तर ‘लव्हलेस’वरून रेडिओ चालू करू नका, तो तुम्हाला फिरवून ‘सुवलाकी’वरच आणेल. जे हजार-दोन हजार लोकांनीच ऐकलंय अशा गाण्यावरून करा. जपानी बँड शोधताना रोमन अक्षरांत शोधण्यापेक्षा कुठल्या तरी जपानी बँडच्या पानावरून ‘शूगेइझा’ हा त्यांच्या लिपीतला शब्द उचलून शोधपट्टीत टाका. निराळंच जग उघडतं. सिअ‍ॅटलच्या केईएक्सपी रेडिओची स्टुडिओतली चित्रित सत्रं यूट्यूबवर आहेत. अल्बममध्ये एकजीव झालेले थर तिथे सुटे ऐकू येतात, कोण काय वाजवतंय ते दिसतं.

अलीकडे एक सावधगिरीही हवी. २०२५ मध्ये द वेल्वेट सनडाउन नावाच्या ‘बँड’ला स्पॉटिफायवर लाखो श्रोते मिळाले आणि मग कळलं की तो सगळा कृत्रिम बुद्धिमत्तेचा खेळ होता. तो शूगेझ नव्हता, पण अस्पष्ट आवाज आणि धूसर गिटार यांची बनावट करणं तुलनेने सोपं. एखादा बँड महिन्याला एक अल्बम टाकत असेल, त्याच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाची एकही चित्रफीत नसेल आणि श्रेयनामावलीत माणसंच नसतील तर पुढे जा. पारान्नूलही अनामिक होता हे खरं, पण तो पुढे मंचावर उभा राहिला आणि त्याचा सोलमधला कार्यक्रम अल्बम म्हणून निघाला.

आता ऐकायचं कसं. फोनच्या स्पीकरवर हे संगीत अक्षरशः नाहीसं होतं. खालचे सूर गळतात आणि उरते ती खरखर. एकाच पेटीच्या ब्लूटूथ स्पीकरवर डावी-उजवी गिटार एकमेकीत मिसळून चिखल होतो. साधे वायरचे इयरफोनही त्यापेक्षा बरे. अल्बम अख्खा ऐका, आणि पहिल्यांदा ऐकताना मत बनवू नका. या प्रकारात चाल दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात वर येते. क्रम हवाच असेल तर आधी ‘कार्टव्हील’, मग ‘युरेका’, मग ‘द ग्रेट डिस्मल’, मग ‘रॅट सॉ गॉड’, आणि कान तयार झाल्यावर पारान्नूल. ‘सनबेदर’ त्यानंतर. चौथ्यापर्यंत काहीच लागलं नाही तर खुशाल सोडून द्या, ड्रीम पॉपकडे वळा. बीच हाउस आहेच.

आवाज मात्र बेताने वाढवा. शूगेझ मोठ्यानेच ऐकायचं असतं असं सगळे सांगतात आणि ते काही अंशी खरं आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे, आणि लोकलच्या खडखडाटावर मात करायला फोन पूर्ण वाढवला की आपण तिच्या बरेच पुढे गेलेले असतो. प्रवासात कानात घट्ट बसणारे इयरफोन घ्या, म्हणजे बाहेरचा आवाज अडतो आणि आतला वाढवावा लागत नाही. कधी परदेशात किंवा इथे एखाद्या महोत्सवात असा बँड प्रत्यक्ष ऐकायचा योग आला तर खिशात इयरप्लग ठेवा. माय ब्लडी व्हॅलेंटाइनने २००८च्या दौऱ्यात ते आपल्या प्रेक्षकांना स्वतःच वाटले होते.